लाल सोन्याची जांभळी तक्रार

मी सोन्याचा ठिपका बोलतोय. शोधू नका, दिसणार नाही. भले भले शहाणे आम्हाला बघायला यंत्र लावतात आणि दिसलो नाही की यंत्रालाच नावं ठेवतात.

माझा जन्म उकळत्या पाण्यातला. सोनं पिवळं असतं, असं तुम्हाला लहानपणी कुणीतरी सांगून ठेवलंय. आम्ही निघालो लालभडक. इतकं बारीक झाल्यावर सोन्यालाही पिवळं राहणं झेपत नाही. प्रयोगशाळेतली ताई ही आमची आई. तिने आम्हा असंख्य भावंडांना एकेक मऊ अंगरखा चढवला आणि काचेच्या पट्टीवर रांगेत बसवलं. अंगरख्यामुळे कुणाचं अंग कुणाला लागत नाही.

आमच्या घराण्याचं सगळं या अंतरावर चालतं. सुटे बसलो तर लाल, आणि वीज आमच्यातून जात नाही. खेटलो की जांभळे, आणि मग वीज अशी पळते, जशी भिंतीला भिंत लागलेल्या घरांतून बातमी.

हेच ताईला सिद्ध करायचं होतं. तिची पदवी त्यावर टांगलेली. तिला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी पट्टी चौकटीत बसवून घेतली. रुंद कडेखाली आमच्या शेवटच्या रांगा झाकल्या गेल्या, वीज मोजणाऱ्या मीटरच्या तारा तिथेच जोडलेल्या. "आता चौकट कुणी उघडायची नाही," सर म्हणाले. "मीसुद्धा नाही."

आणि तिथून घोळ सुरू झाला. पट्टी दिसायला लाल, तरी मीटरचा काटा हलायचा. काल जरासा, आज जास्त. ताईने तारा बदलल्या, मीटर बदलला, शेवटी खुर्चीही बदलली.

"तुझ्या हाताला शिस्त नाही," सर म्हणाले. "असे आकडे नाचले तर परीक्षक तुला घरी पाठवतील."

"सर, मी चौकटीला हातही लावत नाही."

"मग काय सोनं आपोआप सरकतं?"

सरकत नाही हो! पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

ताई जेवायला गेली की सर पाहुणे आणायचे. एकदा मेव्हण्याला आणलं. चौकट उघडली आणि पट्टीच्या खालच्या टोकावर, नेहमीच्याच जागी, अंगठा ठेवून ती उजेडात धरली. त्या अंगठ्यावर आडवा वण. लहानपणी बरणीचं झाकण उघडताना पडलेला. म्हणजे उघडू नये ते उघडायची खोड जुनीच.

"हे सोनं," सर म्हणाले.

"दाजी, हे सांडलेलं सरबत आहे."

"सोनंच आहे. बारीक केलंय."

"मग पिवळं होतं ते काय वाईट होतं?"

सरांना राग आला की ते बोलत नाहीत, दाबतात. माझा शेजारी थेट माझ्या अंगरख्यात शिरला. मग पट्टी परत चौकटीत, आणि सर साळसूद.

परीक्षेला आलेल्या बाई कमी बोलणाऱ्या. "काटा का हलतो?" एवढंच विचारलं.

ताईचा चेहरा पांढरा. "माहीत नाही, बाई. पण एकही आकडा मी लपवलेला नाही."

"चौकट उघडा."

"उघडायची नसते," सर घाईने म्हणाले. "नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

"मग तुम्हीच उघडा."

लाल पट्टीच्या खालच्या टोकाला जांभळा अंगठा उमटलेला. भोवरा, रेघा, मधोमध आडवा वण. बाईंनी ताईचा अंगठा पाहिला. साफ. सरांचा हात खिशात गेलेला.

"खिशात काय आहे?"

"रुमाल."

"रुमाल धरलेला अंगठा बघू."

मग बाईंनी तारांची टोकं लाल भागावर टेकवली. काटा ढिम्म. जांभळ्यावर टेकवली, आणि काटा ताडकन उठला. "मुली, तुझं म्हणणं खरं ठरलं," त्या म्हणाल्या. "तेही सरांच्या हातून."

सर आमच्यापेक्षा लाल झाले. "शिस्त माझ्याच हाताला नव्हती, ताई," ते हळूच म्हणाले. ताई आधी हसली, मग डोळे पुसत बसली.

आता मी फळीवर असतो. सर अजून पाहुणे आणतात, पण हात पाठीमागे बांधून. मेव्हणा आला की त्याचेही बांधायला लावतात. तुम्हीही या, उजेडात बघा, पट्टी कडेला धरा. फक्त आम्हा अंगठ्याखालच्यांना सोडवायच्या भानगडीत पडू नका. जरा दाटी आहे, मान्य. पण सगळ्या बातम्या आधी आम्हालाच कळतात.