बुटका मनोरा

"लोंबली का हो फीत, युझेफाबाई?" वनाधिकारी गुस्ताव वायरलेसवर तिसऱ्यांदा विचारत होता.

फीत लोंबली होती. दुपारभर पाइनच्या शेंड्यांवरून उसळणारी हवा उन्हं कलली की दमते. मग टेहळणी मनोऱ्याच्या कठड्याला बांधलेली फीत खाली येते, युझेफाबाई "शांत" म्हणतात आणि फवारणीचं विमान शेंड्यांना जवळजवळ घासत उडतं. पोलंडच्या त्या जंगलात एकवीस वर्षं हेच चाललं होतं. आज घाई जास्त होती. अळ्यांनी निम्मं रान फस्त केलं होतं आणि उद्यापासून पाऊस होता.

पण वर एक करकोचा पंखही न हलवता गोल गोल चढत होता. म्हणजे हवा अजून उसळत होती. मग फीत का गप्प? बाईंनी पश्चिमेला पाहिलं. पाइनचे शेंडे कठड्याच्या वर गेले होते. फीत आडोशाला लोंबत होती. रोज डोळ्यांसमोरची झाडं, आणि मेलं कळलं नाही!

"मावशी, इंजिन चालू आहे. निघू ना?" वैमानिक ओल्गेर्डचा आवाज आला.

"नको रे बाळा! थांब!"

"अहो, फीत लोंबलीये की नाही?" गुस्ताव खेकसला. "थांबवायचं तर कारण काय लिहू?"

पेन्शनला चार वर्षं होती.

"लिहा, झाडं वाढली. मनोरा बुटका पडला."

"बाई, असं लिहिलं तर मनोऱ्याला कुलूप लागेल. तुमच्या जागी लावायचा कॅमेऱ्याचा खांब कधीचा येऊन पडलाय."

"ठाऊक आहे. लिहा."

"म्हणजे परवा मला हिसके बसले ते..." ओल्गेर्ड मध्येच थांबला.

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.



"बरं," ओल्गेर्ड म्हणाला. "तुम्ही म्हणाल तेव्हा उठतो, मावशी."

गुस्तावने अंधार पडेल म्हणून दोनदा बजावलं. बाई मान वर करून उभ्याच होत्या. पावणेआठला करकोच्याला पंख मारावे लागले. आणखी दहा मिनिटं त्यांनी जाऊ दिली.

"जा आता."

विमान शेंड्यांवरून सरळ गेलं. मागचं औषधाचं धुकं न विस्कटता झाडांवर उतरलं. बाईंच्या मागे खुर्ची होती, पण "उतरलो, मावशी" ऐकू येईपर्यंत त्यांना बसवेना.