दोन डाव्या पंखांचं विमान

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. माझ्या डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या माशीचाही बसला नाही, आणि ती तर स्वतः उडते. तरी सांगतो. मी दोन डाव्या पंखांनी आभाळात गेलो होतो. एक डावा डावीकडे, आणि दुसराही डावाच, पण उजवीकडे. हसा, खुशाल हसा. मी थांबतो.

झालं हसून? तर मी एक जुनं लढाऊ विमान आहे. या शिवणाच्या खोलीत छताच्या हुकाला टांगलेलं, हिरव्या पाठीचं, नाकावर पांढरे दात असलेलं जे दिसतंय, ते मीच. लढाई म्हणाल तर मी एकही पाहिलेली नाही. माझ्या पंखांतून ज्या तोफा डोकावतात, त्या संपलेल्या बॉलपेनच्या नळ्या आहेत. काचेखाली बसलेला माझा वैमानिक रबराचा असून त्याला कमरेखाली काहीच नाही. पण रुबाब म्हणाल तर असा, की तुमच्या आया माप द्यायला येतात तेव्हा माना वर करून मलाच बघत राहतात आणि ताईंना गळ्याचं माप दोनदा घ्यावं लागतं.

माझा जन्म एका लांबट खोक्यातला. त्या खोक्यात लाकडाच्या पातळ फळ्या होत्या, काड्या होत्या, स्क्रूंची पिशवी होती आणि चादरीएवढा घडी घातलेला आराखडा होता. हे लाकूड बाल्सा नावाचं. हलकं म्हणजे किती हलकं? खोकं उघडताना मामा शिंकले, तर माझ्या शेपटीचा तुकडा उडाला आणि थेट चहाच्या कपात जाऊन पडला. म्हणजे बघा, माझं पहिलं उड्डाण मला बांधायच्या आधीच झालं!

मामा म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ. तुम्ही सगळे त्यांना मामा म्हणता, म्हणून मीही म्हणतो. मामांनी उभा जन्म बस चालवली. त्यांची बस जमिनीवरून एकदाच सुटली, तीही गतिरोधकावर. कदाचित त्याच वेळी त्यांच्या डोक्यात हे वारं शिरलं असावं. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिमोटवर उडणारी विमानं बांधायला घेतली. माझा सगळ्यात थोरला भाऊ पाण्याच्या टाकीत बुडाला. मधला बेकरीच्या धुराड्यात शिरला आणि भाजून निघाला. तिसरा वर गेला तो गेलाच. तो अजून वरच असावा, असं मामांचं म्हणणं आहे.

आता विमान बांधायला लागतं सपाट टेबल. टेबल वाकडं तर पंख वाकडा. आणि घरात सपाट टेबल एकच, ताईंचं कापड कापायचं. मामांनी माझा आराखडा त्या टेबलावर पसरला, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का केला, गोंद चिकटू नये म्हणून वर प्लास्टिक अंथरलं आणि ताईंच्या डबीतल्या टाचण्या उचलल्या. तेवढ्यात ताई आल्या.

“गुंड्या, हे काय?”

“विमान.”

“ते दिसतंय. माझं टेबल कुठंय?”

“विमानाच्या खाली.”

ताईंनी कमरेवर हात ठेवले. कमरेवर हात आले की या घरात मांजरसुद्धा जागा बदलतं.

“हे शेवटचं,” ताई म्हणाल्या. “याचं काही मोडलं, एक चाक जरी निखळलं, तरी तुझा रिमोट माळ्यावर. परत खाली यायचा नाही.”

“आणि नाही मोडलं तर?”

“तर मी या विषयावर आयुष्यात तोंड उघडणार नाही.”

“ताई, तुला झेपेल का ते?”

मामांनी हसण्यावारी नेलं खरं, पण ताई आत गेल्यावर ते रिमोटच्या दोन्ही दांड्यांवरून अंगठे फिरवत बराच वेळ बसून राहिले. बसचं स्टिअरिंग सुटल्यापासून त्यांच्या हातांना धरायला दुसरं काही उरलं नव्हतं. हे मी बघितलं. काड्यांच्या ढिगाला डोळे नसतात असं म्हणू नका. मला होते.

मग सुरू झालं माझं बांधकाम. अहाहा, काय दिवस होते ते! पात्यानं कापण्याचा बारीक आवाज, घासकागदाची खसखस, गोंदाचा आंबूस वास. आधी पाठीचा कणा, मग बरगड्या. रोज सकाळी मी कालच्यापेक्षा थोडा जास्त विमान असायचो. मामा पोटात मोटर बसवत होते, शेपूट हलवायच्या तारा ओढत होते आणि मधूनच तोंडानं “घूंऽऽ” असा आवाज काढत होते. ताई मशिनवरून तिरक्या नजरेनं बघायच्या. पायाखालचं पायडल थांबायचं.

एक दिवस त्यांना राहवलं नाही.

“टाचण्या अशा टोचतात का रे? लाकूड फाटेल. हो बाजूला.”

“अगं, तुझी गिऱ्हाइकं...”

“थांबतील. हो बाजूला म्हणते ना!”

आणि मित्रांनो, ताईंनी माझा पंख बांधायला घेतला. काय तो हात! पंखाची एकेक बरगडी त्यांनी चुणीसारखी बसवली, सारख्या अंतरावर, सारख्या उंचीची. पंखाला पाठ असते आणि पोट असतं. पाठ फुगीर, पोट सपाट. त्या फुगवटावरून ताईंनी तळवा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाल्या, “खांदा छान पडलाय.” त्या दिवसापासून गिऱ्हाईक दारात आलं की ताई ओरडायच्या, “उद्या या!” आणि मामा घाबरून म्हणायचे, “ताई, निदान दार तरी उघड.”

पहिला पंख झाला. त्याच भरात ताईंनी लगेच दुसरा घेतला. तोही तसाच देखणा. अगदी तसाच. इथेच तर घोळ झाला!

आराखड्यावर पंख एकच काढलेला होता, डावा. उजवा बांधायचा तर कागद पालथा घालायचा, आणि कोपऱ्यात तसं छापलेलंही होतं. पण कोपरा मामांच्या चिकटपट्टीखाली, आणि कागद टेबलाला पक्का. आता बाही कापताना ताई कागद पालथा घालतात, ते झोपेतसुद्धा. पण ही बाही नव्हती ना! हा पंख होता, आणि ताईंच्या अंगात उत्साह संचारलेला होता.

दोन्ही पंख मला लावून बघायची वेळ आली. डावा खट्‌कन बसला. मामांनी दुसरा लावला, काढला, फिरवला, परत लावला.

“ताई, हा असा का बसतोय?”

“असा म्हणजे कसा?”

“पुढची कड पुढे घेतली की पोट वर येतंय. पोट खाली घेतलं की मागची कड पुढे येतेय.”

ताई उठल्या. त्यांनी पंख हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “डावा आहे.”

“आणि हा लावलाय तो?”

“तोही.”

मामा हसायला लागले. हसता हसता त्यांनी टेबल धरलं, मग खुर्ची धरली, मग जमीनच धरली.

“दोन डाव्या बाह्या! ताई, गिऱ्हाइकांना सांगू का गं?”

“सांग ना. मग तुझ्या पँटला मी तीन पाय लावते.”

मैदानावरचा मेळावा तर तोंडावर आलेला. रविवारी सगळे विमानवाले जमणार होते, आणि मामा तिथे महिनाभर माझी फुशारकी मारून आलेले. आता नवा पंख कधी बांधायचा? ताई म्हणाल्या, “असू दे. उलटा करून लाव.” मामांनी दुसरा डावा पंख पोट वर करून उजवीकडे ठोकला!

मग माझ्या अंगावर प्लास्टिकची पातळ रंगीत फिल्म चढवली. ही फिल्म इस्त्रीनं बसवतात. इस्त्री फिरली की ती आक्रसते आणि अंगाला घट्ट बसते. मित्रांनो, गुदगुल्या म्हणजे काय हे तुम्हांला काय कळणार! शेवटी ताईंनी दातेरी कात्री घेतली, जिनं कापडाच्या कडा नागमोडी कापतात ती, आणि पांढऱ्या फिल्मचे माझे दात कापले. म्हणून तर ते असे एकसारखे आहेत.

रविवार उजाडला. बंद वीटभट्टीच्या मागचं ते मैदान! वारा, गवत, पेटारे, आणि माझ्यासारखे कितीतरी. विमानवाल्यांच्या क्लबचे प्रमुख पेशानं दातांचे डॉक्टर. प्रत्येक नवं विमान ते उडण्याआधी तपासतात. ते वाकले, माझ्या नाकाकडे बघतच राहिले. “वा! काय दंतपंक्ती आहे!” म्हणाले. दातांच्या नादात पंख बघायचे राहूनच गेले. “जाऊ द्या वर!”

मामांनी दांडी पुढे सरकवली. नाकावरचा पंखा फिरला, गवत मागे पळायला लागलं, चाकं थडथडली, आणि एकाएकी थडथड थांबली. मी वर होतो! अरे, काय सांगू! खाली टेबल नव्हतं, टाचण्या नव्हत्या, नुसती हवा!

पण डावा पंख म्हणाला, वर चल. उजवीकडचा डावा म्हणाला, खाली चल. दोघांच्या भांडणात मी गरागरा फिरायला लागलो, मळसूत्रासारखा. लोकांना वाटलं कसरत चाललीय. टाळ्या सुरू! मी तसाच फिरत कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांतून गेलो आणि बाहेर आलो तो अंगात सदरा. बटणं लावलेली! तसाच वर गेलो. एक ढग आडवा आला, त्याला इतका घुसळला की खाली लोण्याचे गोळे पडले. बगळ्यांची एक रांग चालली होती, ती वाकडी झाली आणि माझ्यामागे फिरायला लागली. मग एक खरंखुरं प्रवासी विमान शेजारून गेलं. त्याच्या वैमानिकानं खिडकीतून मला पाहिलं आणि टोपी काढली. माझ्या रबरी वैमानिकानंही काढली असती, पण ती डोक्याला चिकटवलेली.

आणि हे सगळं चाललं असताना खाली मामा कसे उभे होते? खांबासारखे! चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. बोटांच्या टोकांवर त्यांनी मला खेळवलं आणि असं अलगद खाली आणलं की गवताचं पातंसुद्धा वाकलं नाही. अंगावर ओरखडा नाही. ताई धावत आल्या, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या, “गुंड्या, जिंकलास! रिमोट तुझा, टेबल तुझं!”

तेव्हापासून मी इथे हुकाला असतो. कौतुक झालं, फोटो निघाले, मग हळूहळू लोक विसरले. आठवडाभर माझ्या पाठीवर सुताचे धागे साचतात. एका कोळ्यानं शेपटीला जाळं बांधलंय आणि भाडं काही देत नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावरून कधीतरी हात फिरवा, तिची धूळ पुसा, कारण तिनंही कधीकाळी...

“ए थापाड्या!”

मशिन थांबलं होतं. ताईंनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या आणि वर माझ्याकडे बघितलं.

“दोन डाव्या पंखांनी कुणी उडतं का रे? ऐका गं पोरींनो. मी तो कागद सोडवला, पालथा घातला, रेघा पलीकडून दिसाव्यात म्हणून त्याला तेल चोळलं, आणि उजवा पंख नव्यानं बांधला. हाताला फोड आले माझ्या. उलटा करून लावतात म्हणे!”

फ्रॉकची खालची कड दुमडून घ्यायला स्टुलावर उभी असलेली मुलगी म्हणाली, “पण मामांनी तर मस्त उडवलं ना?”

“नेलं त्यानं वर झकास. मग हे वळून समोरून यायला लागलं आणि याची बोटं गोठली. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं ना! यानं जन्मभर बस चालवली, पण स्वतःच्या अंगावर येणारी कधी चालवली नव्हती. म्हणून त्या गिरक्या. ‘ताई, धर, धर!’ म्हणून रिमोट माझ्या हातात कोंबला. माझा तर जन्म समोर उभ्या माणसाच्या बाह्या मोजण्यात गेला. त्याचं डावं ते माझं उजवं. मला काय नवीन होतं त्यात? उतरवलं मी!”

कोपऱ्यात कपड्यांना इस्त्री करत असलेले मामा खाली मान घालून म्हणाले, “चाक निखळलं.”

“निखळलं. अट म्हणजे अट. याचा रिमोट गेला माळ्यावर.”

मुलीचा चेहरा पडला. “म्हणजे मामा आता उडवतच नाहीत?”

“न उडवून सांगतो कोणाला! मी माझा दुसरा रिमोट आणलाय ना, त्याला कुठली अट?” ताईंनी पायडलवर पाय ठेवला. “दर रविवारी जातो आम्ही. विमान लांब जाताना रिमोट त्याच्या हातात. येताना माझ्या.”