यागोदाचं मिरच्यांचं यंत्र

माणसाची संस्कृती चाकापासून सुरू झाली असं म्हणतात. साफ चूक. ती सुरू झाली ब्रेकपासून. तोवर माणूस नुसता घरंगळत होता. हा विचार मी अंगणात, जॅकवर उचललेल्या गाडीसमोर उभा राहून शेजारच्या स्तोयादिनला ऐकवला. चुलीवर आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजणारी माझी बायको यागोदा मान वर न करता म्हणाली, "मिलूतिन, चाकाचे नट गाडी खाली असताना सैल करतात."

गाडी खाली घेतली.

पुढचे ब्रेक पॅड झिजून पत्र्यावर पत्रा घासत होता, आणि उद्या निश शहरात नातीचा बाप्तिस्मा. संध्याकाळपर्यंत आमची गाडी थांबायला शिकली नाही, तर यागोदाचा भाऊ तिहोमिर त्याच्या जर्मनीहून आणलेल्या गाडीतून आम्हाला नेणार होता. म्हणजे मी मागच्या सीटवर, मांडीवर केक, आणि निश येईपर्यंत त्या गाडीचं चरित्र.

आमच्याकडे पाना उचलण्याआधी घरची दारू, राकिया, उचलतात. मग चाक निघालं म्हणून एक, पॅड धरणारा कॅलिपर सुटला म्हणून आणखी एक. कॅलिपर तारेनं टांगला. पण नवे पॅड जाड, कॅलिपरमधला पिस्टन बाहेर आलेला, आणि तो काही आत जाईना.

"दाबायला शिकंजा नाही तुझ्याकडे?" स्तोयादिननं विचारलं.

"आहे ना. तिहोमिरनं नेलाय."

"मग नाही म्हण की सरळ."

तेवढ्यात यागोदा बरण्या आणायला तळघरात उतरली. टेबलाच्या कडेला तिचं मिरच्या दळायचं यंत्र स्क्रूनं आवळून बसवलेलं होतं. आम्ही दोघांनी त्या स्क्रूकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

यंत्र कॅलिपरला आवळलं आणि पिस्टन निमूट आत गेला. गाडीचाच आयवार करून बरण्यांत भरणार आहोत, असं ते दृश्य होतं. दुसऱ्या चाकालाही तोच उपचार. सूर्य मावळायच्या आत चाकं चढली, नट आवळले, त्याबद्दलही एक झाली.

"आता चालवून बघा," यागोदा म्हणाली.

आम्ही बाटलीकडे पाहिलं. ती निम्मी होती, आणि ते निम्मं आमच्यात होतं.

"सरका," म्हणत तीच गाडीत बसली. "अरे, पेडल पार खाली जातंय."

"दाबत राहा. कडक होईपर्यंत हलू नकोस," मी म्हणालो. दिवसभरात तिनं ऐकलेलं माझं हे एकच वाक्य.

ती देवळापर्यंत जाऊन आली आणि मिरच्यांच्या टोपापासून वीतभर अलीकडे गाडी गप्पकन थांबली. आवाज नाही, काही नाही. स्तोयादिननं टोपी काढली.

यागोदानं खिडकीतूनच भावाला फोन लावला. "तिहोमिर, तू येऊ नकोस. हा नेतोय आम्हाला." तिनं माझ्याकडे बघून मानही डोलावली. चाळीस वर्षांच्या संसारात अशी मान मोजून दोनदा डोललीय.

मग उतरून ती टेबलाशी गेली, रिकाम्या कडेवर हात फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "आता ते यंत्र तेवढं घासून दे."