खंडेनवमीला मला घासलं

हां, मीच बोलतोय! गोरक्षच्या डोळ्यांवर बसणारा काळा हेडसेट. भिंगं गेली माझी, पण जीभ शाबूत आहे.

गोरक्षनं मला आकुर्डीच्या दुकानातून निघोज्याला आणलं. चाकणच्या कंपनीतली पहिली शिफ्ट करून तो चारला घरी यायचा आणि चप्पल काढायच्या आधी मला चढवायचा. की घर गायब! माझ्या आत दुसरंच गाव होतं. कुठकुठली माणसं आपापल्या घरून तिथं भेटायची. तिथं गोरक्षचा ओटा होता, शेजारी विजयश्री नावाची बाई होती. खरी कुठली, देव जाणे. तिची म्हातारी आईही गप्पांना यायची. गोरक्ष तिलाही आईच म्हणायचा.

"आई, गुडघा कसाय गं? जेवलीस का?" काय तो जिव्हाळा!

त्याच खोलीत त्याची सख्खी आई, तानाबाई, शेंगा फोडत बसलेली असायची. गुडघे तिचेही दुखायचे. ती हरखून म्हणायची, "न्हाई जेवले रे बाळा, तुझीच वाट बघती." गोरक्षचे कान माझ्या ताब्यात, त्याला काय ऐकू येतंय? मला मात्र सगळं ऐकू यायचं. हसायलाही यायचं, खोटं कशाला बोलू?

शेवटी सुनेनं, वर्षाराणीनं, सांगून टाकलं, "आत्याबाई, तुमच्याशी न्हाई बोलत ते." तानाबाईनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली.

मग खंडेनवमी आली. ज्याच्यावर पोट चालतं त्या हत्याराची त्या दिवशी पूजा. तानाबाईनं पाटावर विळा मांडला, कोयता मांडला, गोरक्षचे नटबोल्ट आवळायचे पाने मांडले. आणि मला!

"माझा लेक दिसभर ह्येच धरून असतो," ती सुनेला म्हणाली. "ह्याला पुजलं तर ह्यो तरी त्याला माझ्याशी बोलाया सोडंल."

हत्यार घासल्याशिवाय पुजत नाहीत. तिनं तारेची घासणी घेतली आणि माझी दोन्ही भिंगं मन लावून घासली. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. आंधळा झालो की राव!

चारला गोरक्षनं मला चढवलं, उतरवलं आणि पेटलाच. "अक्कल गहाण टाकली का गं म्हातारे? तू घरात हायेस तवर काय बी धड ऱ्हाणार न्हाई!"

वर्षभरात पहिल्यांदा तो तिच्या डोळ्यांत बघून बोलत होता. तानाबाई हात जोडून ऐकत राहिली. मला विचाराल तर थोडी खूशही दिसली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला तो आईपुढं वाकलाच नाही, नवा हेडसेट आणायला गेला होता. तानाबाईनं कचऱ्यातून मला उचललं, पिशवीत घातलं आणि चिखलीला लेकीकडे, प्राजक्ताकडे निघून आली. आई घरात नाही हे गोरक्षला चौथ्या दिवशी कळलं. वर्षाराणीनं प्राजक्ताला फोनवर सांगितलं: "मी सांगितलं तवा 'बरं' म्हणाले, आन् नवा हेडसेट परत चढवला."

आता मी तानाबाईच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली. रोज दुपारी ती मला काढते, माझा पट्टा नाकाशी धरते. "माझ्या लेकाचा वास हाय ह्याला," प्राजक्ताला सांगते.

बाई गं, दे मला भंगारवाल्याला! मी निर्दयी खरा, पण हे मलाही बघवत नाही. गोरक्षचा वास कधीच उडाला. आता तू हुंगतेस तो तुझ्याच लुगड्यांचा.