सहावा मग

टिळकवाडीच्या पद्मजाबाईंच्या पोटात बरेच दिवस दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं. दुखण्याचं नाव समता.

जुनी भांडी ऑनलाइन विकायची कल्पना आधी पद्मजाबाईंना सुचली. माळ्यावरचे पितळी डबे, कॉफीचे फिल्टर घासूनपुसून त्यांनी फोटो टाकले. त्यांच्या पाठोपाठ जवळच्या काकती गावच्या समतानं तसंच ऑनलाइन दुकान काढलं. ही बायडाबाईची नात. बायडाबाई म्हणजे पद्मजाबाईंच्या घरी लाकडं फोडायला, परसू झाडायला येणारी बाई. नात शिकली, बँकेत लागली, आणि सुट्टीच्या दिवशी फुटक्या किटलीचा दिवा, गंजक्या डब्याचं घड्याळ करून बेंगळुरूला पाठवू लागली. तिच्याकडे ऑर्डरींची रीघ, पद्मजाबाईंच्या फोटोला नणंदेचा एक अंगठा. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. जेवण झालं की बाई फोनवर समताचं दुकान उघडायच्या आणि त्यांचा तिळपापड व्हायचा.

अशातच तिथल्या एका फोटोत त्यांना तो मग दिसला. समताच्या टेबलावर, ब्रश खोचलेला, निळा इनॅमलचा, काठाखाली पांढरी वेल. खाली लिहिलेलं, 'हा विकायचा नाही.'

पद्मजाबाईंच्या कपाटात तसलेच पाच होते. सासूबाईंच्या लग्नातला सहाचा सेट. बेंगळुरूच्या एका गिऱ्हाइकानं, सहाच्या सहा असतील तरच घेते, असं कळवलेलं. पहिली मोठी ऑर्डर एका मगापायी अडली होती. बायडाबाईनं तो उचलला, हे ठरवायला त्यांना पुरावा लागला नाही. उलट बरंच वाटलं. समोरचा चोर ठरला की मत्सरालाही सोवळं नेसवता येतं.

रविवारी रिक्षा करून त्या काकतीला गेल्या.

"समता, हा मग आमच्या घरचा आहे."

"व्हय काकू, तुमच्याच घरचा," समता शांतपणे म्हणाली. "आज्जीनं काम सोडलं तवा तुमच्या सासूबाईंनीच दिला. तिच्याबिगर कोण त्यात पीत न्हवतं न्हवं."

पद्मजाबाईंची नजर काठावरच्या टवक्यावर गेली. त्या नव्या नवरी असताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "बायडीला एक वेगळा काढ." त्यांनी सहाही मग ओट्यावर मांडले होते आणि नीट निरखून टवका उडालेला निवडला होता. पुढं तो परसदारी कोनाड्यात पालथा असायचा. बायडाबाई तो विसळून पुढं धरायची आणि चहा वरून ओतायच्या त्या स्वतः पद्मजाबाई.

समतानं ब्रश काढले, मग स्वच्छ धुतला आणि त्यात चहा ओतून त्यांच्यापुढं ठेवला.

"घ्या काकू. चहा प्या आणि घेऊन जावा तुमचा मग. पैसं नकोत."

एवढंच करायचं होतं. सेट पुरा झाला असता. पद्मजाबाईंनी हात उचलला, पदराशी चाळा केला, परत मांडीवर ठेवला. चहावर साय धरली.

"आज उपास आहे गं माझा," त्या म्हणाल्या.

"उपासाला चहा चालतोय की," समता म्हणाली. भरलेला मग तसाच ठेवून पद्मजाबाई उठल्या.

रिक्षात बसल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला कळवलं, 'सहावा मग हरवला.' तो का वेगळा काढला होता, हे आता दोघींना ठाऊक होतं, आणि त्यांतल्या एकीला त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं. पद्मजाबाईंना समताचा सगळ्यांत जास्त हेवा वाटला तो त्या वेळी.