निळ्या सापावरची रेघ

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, मला फुंकून घडवणाऱ्या कारागिराला घाई होती, म्हणून माझ्या काचेत दोन बुडबुडे राहिले. पण दोनशे वर्षांत मी एक थेंबही गळू दिलेला नाही. स्पिरिट उडतं ते झाकणातून, त्याला मी काय करणार?

माझ्या पोटात जावा बेटावरचा साप आहे. हॉलंडमधल्या या संग्रहालयात तो माझ्यात ठेवला प्राध्यापक वेसेल होख्स्त्रा यांनी. तेव्हा सापसरड्यांचं नाव काढलं की लोक नाकं मुरडत. साहेब मात्र खवले मोजायला बसले की हेरिंग माशाचा घास हातातच राही. साप होता निळाशार. साहेबांनी त्याचं वर्णन छापलं, माझ्यावर 'निळा वृक्षसर्प' अशी चिठ्ठी डकवली आणि त्यांचं नाव पॅरिसपर्यंत गेलं. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी योस्ट आला. तो जहाजावरचा स्वयंपाकी. साप त्यानेच पकडून दारूत बुडवून आणला होता.

"साहेब, हा माझा नव्हे. माझा हिरवागार होता, कोवळ्या कोबीसारखा."

साहेब हसले. "योस्ट, दारूत साप होता की तू?"

"दोघंही होतो! पण शेपटीची ही दोरी बघा. गाठ माझ्याच हातची आहे. साप माझाच, मग रंग कुणी चोरला?"

साहेबांचं हसू मावळलं. ते समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर गेले, हिरव्या कुशीचा एक सरडा आणून त्यांनी माझ्या शेजारी स्पिरिटमध्ये ठेवला. रोज सकाळी येऊन बघत. काही आठवड्यांत त्या कुशी निळ्या पडल्या. हिरव्यातला पिवळा स्पिरिटने पिऊन टाकला होता. साहेबांनी वर्णन केलेला तो निळा साप जगात नव्हताच!

"गप्प बसा," त्यांचे मित्र देवित्स म्हणाले. "जावाला जाऊन कोण बघतंय? उगाच हसं होईल."

"होऊ दे. पुढची पोरं माझ्या चुकीवर अभ्यास करतील, त्याचं काय?"

साहेबांनी लेखणी शाईत बुडवली. माझ्या चिठ्ठीवरच्या 'निळा' या शब्दावर त्यांनी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'हिरवा. चूक माझी. खरं सांगणारा योस्ट, स्वयंपाकी.' ही दुरुस्ती त्यांनी छापलीही, तेव्हा पॅरिसवाले पोट धरून हसले. पण तेव्हापासून इथे रिवाज पडला: प्राणी स्पिरिटमध्ये बुडवण्याआधी त्याचा रंग लिहून ठेवायचा.

पुढे साहेब गेले. मी तळघरात पडून राहिले. स्पिरिट सापाच्या पाठीखाली उतरलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. अखेर आन्नेलीस नावाची नवी संग्रहपाल छापील चिठ्ठी आणि सुरी घेऊन आली. जुनी चिठ्ठी खरवडायला वाकली, वाचू लागली, आणि तिने सुरी खिशात घातली.

"नव्या माणसांना पहिल्या दिवशी हीच दाखवायची," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. मला वेळच्या वेळी स्पिरिट घाला, माझी धूळ पुसा. ती रेघ मात्र पुसू नका.