चिलापीच्या टाकीतली कळशी

मी तांब्याची कळशी बोलतेय. माझ्या गळ्याशी 'सौ. ठकुबाई' असं ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, तेव्हा मी कुणाची हे विचारायला नको. मासे कुणी मारले, हे विचाराल तर मात्र मला मान खाली घालावी लागेल.

भोरच्या तांबटानं मला ठोकून आकार दिला आणि रुखवतातून मी ठकुबाईबरोबर कामथडीला आले. आडावरून घरापर्यंत तिच्या कमरेवर बसून किती हिंडले! पुढे घरात नळ आला आणि मी प्यायच्या पाण्यापुरती उरले. "तांब्यातलं पानी पोटाला लई चांगलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, चिंच लावून मला लखलखीत घासायची. मला चांगलाच ताठा चढला होता, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या कुमारचं लग्न झालं आणि शेफाली सून म्हणून आली. मोठी हौशी पोरगी. तिनं गच्चीवर निळी टाकी मांडून त्यात चिलापी मासे सोडले. माशांच्या घाणीचं पाणी मोटरनं वर खडीच्या वाफ्यात जायचं, त्यावर पालक-पुदिना पोसायचा आणि निवळलेलं पाणी परत टाकीत पडायचं. रोज सकाळी ती काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायची, औषधाचे थेंब टाकायची आणि नळीतला रंग उजेडात धरून तक्त्याशी ताडून बघायची.

ठकुबाईला या खटाटोपाचं भारी कौतुक. एकदा तिनं मायेनं टाकीत शिळी भाकरी कुस्करली, तेव्हा शेफालीनं हातच जोडले. "आई, पाया पडते, टाकीत काही टाकू नका. पाणी बिघडतं."

"बरं बाई," ठकुबाई म्हणाली. पण भाकरीनं पाणी बिघडलं तरी तांब्यानं कसं बिघडेल? एका दुपारी शेफाली बाजाराला गेली, तेव्हा ठकुबाईनं मला पदराखाली झाकून गच्चीवर नेलं आणि टाकीच्या तळाशी, माशांना लपायला ठेवलेल्या एका कौलाच्या आड ठेवलं. "ऱ्हा हितंच. लेकरांचं पानी निर्मळ ठेव," म्हणाली. खाली माझ्या जागी माठ बसला, तरी मी हरखले. बारके मासे माझ्या तोंडातून आतबाहेर खेळायचे. या वयात पुन्हा भरलं घर मिळालं, असं वाटलं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. रोज एखादा पांढरं पोट वर करून तरंगायचा. शेफाली बिचारी नळ्यांवर नळ्या तपासायची. घाणीतून होणारा अमोनिया वाढला असेल म्हणावं, तर तोही नव्हता. तिनं माशांचं खाणं कमी केलं, थोडंथोडं पाणी बदललं. "मोड आता ती टाकी," कुमार वैतागला. "जीव घेऊन कसली हौस करतेस?" त्या दिवशी शेफालीला घास गेला नाही.

आणि मी? माझं अंग पाण्यात उतरतंय, हे मला कळत होतं. तळाशी पडून एकेक लेकरू जाताना बघत होते. भांड्याला ओरडता येत नाही हो!

तेवढ्यावरही भागलं नाही. शेजारची धोंडाबाई गच्चीवर आली, तेव्हा ठकुबाई सहज बोलून गेली, "पोरगी लई राबती, पन तिच्या हाताला यश न्हाई बगा." शेफाली जिन्यातच उभी होती. तिनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नळीत पिवळा रंग आला.

"काय दावतंय गं?" ठकुबाईनं विचारलं.

"पाणी आंबट होत चाललंय, आई. टाकी जुनी झाली की होतं असं. शिंपल्यांचा चुरा टाकते. पण एवढ्यानं मासे मरायला नकोत."

"आंबट?" ठकुबाईची नजर टाकीतल्या कौलाकडे गेली. बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, त्याचं विष होतं, हे तिला तिच्या आईनं परकरात असल्यापासून शिकवलेलं.

शेफाली चुरा आणायला खाली गेली. ठकुबाईनं खांद्यापर्यंत हात बुडवून मला बाहेर काढलं. माझ्या अंगावर हिरवा थर चढला होता. तिनं मला पदराखाली घेतलं. मला वाटलं, आता गुपचूप माळ्यावर टाकेल. जिन्यापर्यंत गेलीही. मग थांबली आणि तिथूनच हाक मारली, "शेफाली! कुमार! वर या."

दोघं आली, तशी मला पुढे धरून म्हणाली, "मासे म्या मारले. तू नगं म्हनली हुतीस, तरी ही आत ठिवली. तुझ्या हाताला यश हाय गं पोरी, माझ्याच जिभेला हाड न्हाई."

कुमारला वर बघवेना. शेफाली रडली, भरपूर रडली. मग ओढणीनं सासूचा भिजलेला हात पुसू लागली.

टाकीचं सगळं पाणी बदललं. उरलेले मासे जगले, त्यांना आता पिल्लंही झालीत. शेफालीनंच मला चिंच लावून घासलं आणि पुन्हा जागेवर बसवलं. रोज संध्याकाळी ती मला भरते आणि म्हणते, "आई, तुमचं पाणी." सकाळी मी तशीच काठोकाठ असते. ठकुबाई माठातलं पाणी पिते आणि मला जास्वंदीच्या मुळाशी रिकामी करते.

माशांची माफी मागायला मला तोंड नाही. पण ठकुबाई, साध्या गोड पाण्यानं मी तुला कधी बाधले का गं? सूनबाईनं आजही भरून ठेवलंय. उद्या सकाळी एक घोट घे.